दुखतंय का, हे तिला विचारा

(आपल्या दवाखान्याच्या ऑपरेशन थिएटरमधील सिस्टरांनी समर्थकांच्या वार्षिक सभेत केलेलं हे भाषण. सभेला येऊ न शकलेल्या वाचकांसाठी ते त्यांच्याच शब्दांत देत आहोत. — संपादक)



मला भाषणाची सवय नाही. माझं काम थिएटरमध्ये, तोंडाला मास्क बांधून. तिथे मी बोलते ती टेबलावर झोपलेल्या बाईशी, तेही तिच्या कानाशी वाकून. आज माईकसमोर उभं केलंत, तेव्हा चुकलं तर सांभाळून घ्या.

गेल्या वर्षी याच सभेनंतर चहा घेताना एका भगिनीने मला विचारलं होतं, "सिस्टर, तुमच्याकडच्या आदिवासी बाया फार सोशिक असतात म्हणे. त्यांना आपल्यासारखं दुखत नसेल, नाही का?" त्यांनी ते कौतुकानेच विचारलं होतं. मीही हसले आणि म्हणाले, "हो, फार सोशिक असतात." मग कप खाली ठेवला आणि बस गाठली.

पण नंदुरबारपर्यंत त्या बसमध्ये मला झोप लागली नाही. मी स्वतः आदिवासी आहे, नवापूर तालुक्यातली मावची. माझ्या आईची सगळी बाळंतपणं घरातच झाली. सर्वांत धाकट्या भावाच्या वेळी मी नऊ वर्षांची होते. कुडाच्या अलीकडे मी आणि माझी बहीण अंथरुणात जाग्या होतो. पलीकडे दाई बोलत होती, चुलीत लाकूड सरकवल्याचा आवाज येत होता. आईचा आवाज मात्र एकदाही आला नाही. सकाळी तिचं लुगडं धुवायला नेलं तेव्हा मी पदर पाहिला. चावून चावून त्याला भोकं पडली होती.

म्हणजे त्या भगिनीच्या प्रश्नाचं उत्तर मला नऊ वर्षांची असल्यापासून माहीत होतं. तरी मी "हो" म्हणाले. ते उत्तर आज दुरुस्त करायचं आहे. म्हणून सिझरच्या वेळी पाठीत दिली जाणारी भूल हा विषय मी मागून घेतला.

आधी एक गोष्ट स्पष्ट करते. आमच्याकडे येणाऱ्या बहुतेक आयांचं बाळंतपण सरळ होतं आणि तसंच ते व्हावं. पण कधी बाळ आडवं असतं. कधी दोन दिवस कळा देऊन बाई थकलेली असते आणि बाळाचं डोकं खाली सरकत नाही. कधी बाळाचे ठोके मंदावतात. कधी आईचं बीपी वाढून झटके यायची भीती असते. अशा वेळी पोट उघडून बाळ काढावं लागतं. अक्राणीच्या डोंगरातल्या पाड्यावरून एखादीला बांबूच्या झोळीत घालून चार माणसं रस्त्यापर्यंत आणतात, तिथून गाडी मिळते. आमच्या दारात ती पोहोचते तेव्हा तिच्या अंगात त्राण नसतं. चपात्या भाजल्यासारखे हात तापलेले असतात किंवा बर्फासारखे गार पडलेले असतात. आणि तिला आमची भाषा येत नसते.

अशा बाईला आपण सांगतो, "पाठीत सुई देणार आहे."

पाठीतली भूल म्हणजे काय, ते सांगते. आपल्या पाठीच्या कण्यात मज्जारज्जू असतो. दुखलेलं मेंदूला कळवणारी वाट तीच. हा मज्जारज्जू कमरेच्या खालपर्यंत जात नाही. मोठ्या माणसात तो कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपतो. त्याखाली नुसते मज्जातंतूंचे धागे असतात, घोड्याच्या शेपटीसारखे मोकळे, आणि ते पाण्यासारख्या स्वच्छ द्रवात तरंगत असतात. डॉक्टर बाईच्या कमरेच्या दोन्ही बाजूंची हाडं बोटांनी चाचपतात, त्या रेषेवर मणक्यांमधली जागा शोधतात आणि केसासारखी बारीक सुई मज्जारज्जूच्या बराच खाली घालतात. सुईतून स्वच्छ पाण्याचा थेंब आला की जागा बरोबर सापडली. मग औषध जातं. सिझरसाठी ते साधारण दोन मिलिलिटर असतं, चहाच्या चमच्याच्या निम्म्याहूनही कमी. त्याचं नाव बुपिव्हाकेन. त्यात साखर, म्हणजे ग्लुकोज, मिसळलेलं असतं, म्हणून ते पाठीतल्या पाण्यापेक्षा जड असतं आणि उताराकडे वाहतं. आम्ही त्याला 'हेवी' म्हणतो. टेबल किती कलतं ठेवायचं आणि बाईला कसं झोपवायचं, याला म्हणूनच महत्त्व असतं.

माझं काम सुईच्या पुढच्या बाजूला. बाईला टेबलाच्या कडेला बसवायचं, पायांखाली स्टूल द्यायचं, उशी कवटाळायला द्यायची आणि तिला माझ्या खांद्यावर डोकं टेकवून पाठ वाकवायला सांगायचं. नुसतं "पाठ वाकव" म्हटलं तर कुणाला समजत नाही. मी म्हणते, "भात लावताना वाकतेस तशी वाक." ते लगेच समजतं. पोटात पूर्ण दिवसांचं बाळ, मध्येच कळ येते, आणि तशातही तिने हलायचं नसतं. कळ आली की डॉक्टर थांबतात. ती माझ्या हाताला नखं रुतवते. आम्ही दोघी कळ जाईपर्यंत तशाच असतो.

सुई झाली की तिला लगेच उताणी झोपवतो आणि उजव्या कमरेखाली चादरीची घडी घालतो. त्यामुळे पोट थोडं डावीकडे कलतं. नाहीतर भरलेलं गर्भाशय पाठीजवळच्या मोठ्या रक्तवाहिनीवर दाबतं, हृदयाकडे जाणारं रक्त कमी होतं आणि बीपी उतरतं. या भुलीनेही बीपी उतरतंच, कारण कमरेखालच्या रक्तवाहिन्या सैल पडतात. बाई जांभया देऊ लागली, "मळमळतंय" म्हणाली, की मशीनकडे बघायच्या आधीच आम्हाला कळतं. मग सलाईन वाढवायचं, बीपी चढवायचं औषध शिरेतून द्यायचं. आईचं बीपी पडलं तर बाळाकडे जाणारं रक्तही कमी होतं, म्हणून सुरुवातीला मिनिटामिनिटाला बीपी पाहतात. तुमच्या अर्पणातून मागे जो मॉनिटर आला, तो हेच काम करतो.

काही मिनिटांत पाय आधी गरम वाटतात, मग जड होतात. मग ती स्वतःच्या मांडीला हात लावते आणि घाबरून माझ्याकडे बघते, कारण मांडी दुसऱ्या कुणाची तरी वाटते. साधारण दीड-दोन तासांनी ते उतरू लागतं. हे तिला आधीच सांगितलेलं असेल तर ती घाबरत नाही. सांगितलं नसेल तर तिला वाटतं, पाय गेले.

आता ही पद्धत आली कुठून, तेही थोडक्यात सांगते, कारण त्यात एक शिकण्यासारखी गोष्ट आहे. जर्मनीत कील शहरात आउगुस्ट बिअर नावाचे शल्यचिकित्सक होते. 16 ऑगस्ट 1898 रोजी त्यांनी एका मजुराच्या पाठीत कोकेनचं औषध सोडलं आणि त्याच्या क्षयाने सडलेल्या घोट्यावर शस्त्रक्रिया केली. मजुराला दुखलं नाही. पुढे आणखी काही रुग्णांना तशीच भूल दिली, पण नंतर त्यांची डोकी दुखली, त्यांना उलट्या झाल्या. असं का होतं, हे पाहायला बिअर यांनी स्वतःच्या पाठीत सुई घालून घ्यायचं ठरवलं. त्यांचे साहाय्यक हिल्डेब्रांट यांनी सुई घातली, पण पिचकारी सुईवर नीट बसेना. औषध वाया गेलं आणि पाठीतलं पुष्कळ पाणीही वाहून गेलं. मग हिल्डेब्रांट म्हणाले, माझ्यावर करा. त्यांना भूल लागली. बिअर यांनी त्यांना सुया टोचल्या, पेटत्या सिगारने चटका दिला, नडगीवर लोखंडी हातोडी मारली. हिल्डेब्रांट यांना काही जाणवलं नाही. दुसऱ्या दिवसापासून मात्र दोघंही हैराण झाले. बिअर उठून बसले की डोकं फुटेल असं दुखायचं, आडवे झाले की थांबायचं. ते नऊ दिवस अंथरुणाला खिळले.

ती डोकेदुखी आजही काही बायांना होते. कारण तेच, सुईच्या भोकातून पाणी झिरपत राहतं. आता सुया फार बारीक आल्या आहेत, काहींचं टोक पेन्सिलीसारखं असतं, पडदा कापण्याऐवजी तंतू बाजूला सारणारं. म्हणून हा त्रास पुष्कळ कमी झाला. पण मला या गोष्टीत आवडतं ते वेगळंच. रुग्णाचं डोकं दुखलं, तेव्हा त्या डॉक्टरांनी "हा मजूर आहे, याला सवय आहे" असं म्हटलं नाही. त्यांनी तक्रार खरी मानली आणि सुई आपल्या पाठीत घेतली.

आम्ही मात्र एकदा तक्रार ऐकली नाही. ती गोष्ट मला आज तुम्हाला सांगायची आहे. आमच्या डॉक्टरांच्या परवानगीने सांगते.

मी थिएटरमध्ये नवीन होते. एक पावरा बाई आली, दुसरं बाळंतपण, बाळ आडवं, बाळाचा हात बाहेर आलेला. घाई होती. पाठीत भूल दिली. डॉक्टरांनी पोटाला चिमटा लावून पाहिला. ती हलली नाही. तोंडातून आवाज नाही. भूल लागली असं सगळ्यांनी धरलं आणि सुरी लावली. मी तिच्या डोक्याशी होते. तिच्या दोन्ही डोळ्यांतून पाणी कानांकडे वाहत होतं. मला वाटलं, घाबरली आहे. मी ते पाणी पुसलं आणि मराठीत म्हणाले, "रडू नको, आता बाळ येईल." ती छताकडे बघत राहिली. बाळ आलं, रडलं. आम्ही देवाचे आभार मानले. सगळं छान झालं असं आम्हाला वाटलं.

तिसऱ्या दिवशी वॉर्डातल्या मावशींनी मला बोलावलं. त्यांना पावरी येत होती. त्या म्हणाल्या, "सिस्टर, ही काय सांगते ते ऐका." त्या बाईला कापलेलं समजत होतं. सगळं नाही, पण वरच्या भागात, बाळ ओढून काढताना आणि टाके घालताना. मी मावशींना म्हटलं, "विचारा, मग ओरडली का नाही?" तिचं उत्तर मावशींनी मला मराठीत सांगितलं. ती म्हणाली, "मला वाटलं, मी ओरडले तर डॉक्टर थांबतील आणि बाळ आतच राहील."

मी ते डॉक्टरांना जाऊन सांगितलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग उठले, वॉर्डात गेले, तिच्या खाटेशेजारी स्टूल ओढून बसले आणि मावशींमार्फत तिची क्षमा मागितली. ती संकोचली. तिने बाळ उचलून त्यांच्या मांडीवर दिलं. बोलली काहीच नाही.

त्या दिवसापासून आमच्या थिएटरमध्ये एक नियम आहे. भूल दिल्यावर स्पिरिटचा गार बोळा आधी तिच्या दंडाला लावायचा, "हे गार लागतं ना?" असं विचारायचं. मग तोच बोळा पायापासून वर छातीपर्यंत न्यायचा. जिथे गार लागत नाही, तिथे भूल चढली. सिझरसाठी ती स्तनांच्या रेषेपर्यंत चढायला हवी, कारण चीर खाली असली तरी आतल्या अवयवांच्या संवेदना पुष्कळ वरून येतात. गार लागत असेल तर थांबायचं. टेबल थोडं कलतं करायचं, वाट पाहायची, लागलं तर पुन्हा भूल द्यायची किंवा पूर्ण झोपवायचं. आणि तिच्या स्वतःच्या तोंडून "नाही लागत" हे शब्द आल्याशिवाय सुरी हातात घ्यायची नाही. गप्प बसणं हे उत्तर धरायचं नाही.

भिंतीवर एक पुठ्ठा लावला आहे. त्यावर तीन प्रश्न आहेत: गार लागतं का, दुखतं का, श्वास नीट येतो का. मावची, पावरी, भिली आणि अहिराणी, चारही भाषांत. नवीन सिस्टर आली की आधी ते प्रश्न पाठ करते. मला पावरी शिकायला दोन वर्षं लागली. ज्यांच्याशी बोलून शिकले, त्या सगळ्या वॉर्डातल्या आयाच होत्या.

आणखी एक गोष्ट आधी सांगतो. या भुलीत स्पर्श पूर्ण जात नाही. आत कुणीतरी हात घालून धुणं पिळतंय असं वाटतं, ओढल्यासारखं, दाबल्यासारखं. तेवढं जाणवेल, पण दुखायला नको. दुखलं तर लगेच सांग, तू बोललीस म्हणून बाळ आत राहणार नाही, डॉक्टर रागावणार नाहीत. हे शेवटचं वाक्य मी प्रत्येकीला सांगते. ते मला त्या पावरा बाईने शिकवलं.

भगिनींनो, बाळंतपणाचं दुखणं सोसावंच, असं मानणारे आपल्या ख्रिस्ती लोकांतही होते. स्कॉटलंडमध्ये एडिनबरोला डॉ. जेम्स यंग सिम्पसन यांनी 1847 मध्ये बाळंतिणींना आधी ईथर आणि मग क्लोरोफॉर्म द्यायला सुरुवात केली. तेव्हा काहींनी उत्पत्तीच्या तिसऱ्या अध्यायाचा आधार घेऊन आक्षेप काढला, की हव्वेला सांगितलेलं दुःख माणसाने दूर करू नये. सिम्पसन यांनी त्याला पुस्तिका लिहून उत्तर दिलं. त्यांनी दाखवलं, की त्याच अध्यायात शेतात काटे उगवतील, माणूस घाम गाळून खाईल, असंही आहे. तरी आपण काटे उपटतो, बैल जुंपतो, त्याला कुणी पाप म्हणत नाही. आणि दुसऱ्या अध्यायात देवाने आदामाची फासळी काढण्याआधी त्याला गाढ झोप आणली, याचीही त्यांनी आठवण करून दिली. पुढे 7 एप्रिल 1853 रोजी राणी व्हिक्टोरिया बाळंत झाली तेव्हा डॉ. जॉन स्नो यांनी तिला रुमालावर क्लोरोफॉर्म दिलं. राणीने घेतलं म्हटल्यावर पुष्कळांची तोंडं बंद झाली.

मी हे वाचलं तेव्हा माझ्या मनात आलं, राणीचं दुखणं सगळ्यांना लगेच समजलं. तिला "सोशिक आहे, चालेल" असं कुणी म्हटलं नाही.

आता तुमच्यापैकी पुष्कळांच्या मनात असलेली भीती. "पाठीत सुई घेतली की जन्मभर कंबर दुखते." हे डोंगरातही म्हणतात आणि शहरातही. सुई टोचलेल्या जागी दोन-चार दिवस दुखू शकतं. पण ज्यांना ही सुई दिलेलीच नाही, अशा बायांचीही बाळंतपणानंतर कंबर दुखते. नऊ महिने ओझं पोटात वाहिलेलं असतं, नंतर बाळ कडेवर असतं, हंडा डोक्यावर असतो, वाकून पाजायचं असतं. दोष सुईला मिळतो. दुसरी भीती, पाय कायमचे जातील. तसं होणं फार म्हणजे फार विरळा, कारण सुई मज्जारज्जूच्या खाली दिली जाते आणि तिथले धागे पाण्यात बाजूला सरकतात. डोकेदुखीचं मी सांगितलंच. बसल्यावर वाढते आणि झोपल्यावर थांबते अशी डोकेदुखी झाली तर घरी सोसत बसू नका, दवाखान्यात या.

मग सगळ्यांना पाठीतलीच भूल का नाही? फार रक्त गेलेलं असेल, रक्त गोठत नसेल, पाठीच्या त्या जागी गळू असेल किंवा बाईच नको म्हणत असेल, तर ती देत नाहीत. मग पूर्ण झोपवावं लागतं. त्यात आईला जास्त जपावं लागतं. बाळंतिणीचं पोट सहसा रिकामं नसतं, झोपवल्यावर पोटातलं वर येऊन फुप्फुसात जाण्याचा धोका असतो, श्वासाची नळी घालणंही गरोदरपणात अवघड होतं. शिवाय ते औषध थोडं बाळापर्यंत पोहोचतं आणि बाळ सुस्त निघू शकतं. पाठीतली भूल बाळापर्यंत जवळजवळ पोहोचतच नाही. आई जागी असते. बाळ रडलेलं तिला ऐकू येतं. वार निघायच्या आधीच मी बाळ तिच्या गालाला लावते.

ही भूल काही फक्त बाळंतिणींसाठी नाही. आमच्याकडे हर्नियाचे, हायड्रोसीलचे, पाय मोडलेले गडी येतात. कुणी मोहाच्या झाडावरून पडलेला, कुणी गुजरातेत ऊस तोडायला गेलेला असताना ट्रॅक्टरवरून पडलेला. त्यांनाही हीच सुई. आमच्या भागात सिकलसेलचा आजार पुष्कळ आहे. अशा रुग्णाला थंडी वाजू द्यायची नाही, अंगातलं पाणी आणि प्राणवायू कमी होऊ द्यायचा नाही, नाहीतर रक्तपेशी वाकून रक्तवाहिन्या अडतात आणि हाडं फुटल्यासारखी दुखतात. म्हणून थिएटरमध्ये ब्लँकेट आणि गरम केलेलं सलाईनही औषधाइतकंच लागतं. आणि गडीसुद्धा गप्पच असतात. "दुखतं का?" विचारलं तर "नाही" म्हणतात आणि उशीचा कोपरा पिळत राहतात.

शेवटचं, ऑपरेशननंतरचं. भूल उतरते तेव्हा खरं दुखणं सुरू होतं. पूर्वी आम्ही म्हणायचो, "दुखलं तर सांग, गोळी देऊ." जी सांगायची तिला मिळायची. शहरातून आलेली मास्तरीण सांगायची, पाड्यावरची सांगायची नाही. मग औषध घड्याळावर द्यायला लागलो. मागितलं किंवा नाही मागितलं, ठरलेल्या वेळेला पॅरासिटामॉल आणि डॉक्टरांनी लिहून दिलेलं दुसरं औषध द्यायचंच. याने फरक पडला. जिचं दुखणं आवरलेलं असतं ती दुसऱ्याच दिवशी उठून चालते, पायात रक्त साकळत नाही, खोकून छाती मोकळी करते, बाळाला नीट धरून पाजते. जिचं दुखतं ती भिंतीकडे तोंड करून पडून राहते, आणि घरचे म्हणतात, बाळावर जीव नाही हिचा.

मोठ्या रुग्णालयांत याच पाठीतल्या सुईत थोडंसं मॉर्फिन देतात, पुष्कळ तास आराम पडतो. पण मग रात्रभर कुणीतरी जागून तिच्या श्वासावर लक्ष ठेवावं लागतं. तेवढी माणसं जिथे नाहीत तिथे ते देणं बरोबर नाही. हेच मला तुम्हाला सांगायचं आहे. औषधाची बाटली स्वस्त आहे, सुईही परवडते. महाग आहे ते तिच्या डोक्याशी बसणारं माणूस, तिची भाषा येणारं, तिचा चेहरा ओळखणारं. तुम्ही जे देता त्यातून यंत्रं येतात, त्याबद्दल आम्ही ऋणी आहोत. पण डोंगरातल्या मुली नर्सिंगला पाठवायला मदत केलीत, तर ते माणूसही येईल. आमच्याकडे आज अशा दोघी आहेत. त्यांना तो भिंतीवरचा पुठ्ठा लागत नाही.

दुसरी विनंती खर्चाची नाही. "त्यांना सवय असते" हे वाक्य आपण सोडून देऊ या. गेल्या वर्षी ज्या भगिनीने मला विचारलं होतं, त्या आज इथे असतील तर मला माफ करा. चूक तुमच्या प्रश्नात नव्हती, माझ्या उत्तरात होती.

गेल्या नाताळात घरी गेले तेव्हा आईला मी ही सगळी गोष्ट सांगितली. ती आता थकली आहे, अंगणात उन्हाला बसते. मी तिला विचारलं, "आई, तू एवढी बाळंतपणं केलीस, तुला दुखत नव्हतं का गं?"

ती हसली. म्हणाली, "लई दुखायचं. पण आजपर्यंत मला कुणी विचारलं नव्हतं."

 आमच्या आयांसाठी प्रार्थना करत राहा. सलाम.